एकतीसशेचा साडू

अकरावी-बारावीच्या पोरांना मी वाणिज्य शिकवतो. अभ्यासक्रमात नसलेला एक तास मी दरवर्षी आपणहून घेतो. विषय असा की पैशाच्या बाबतीत माणसाचं मन माणसालाच टोपी कशी घालतं. हा तास माझा फार रंगतो. फळ्यावर मी एक खुंटी काढतो, तिला दोरी, आणि दोरीला बैल. बैल नेहमी डुकरासारखा येतो, पण मुद्दा पोहोचतो. एकदा कानावर पडलेला आकडा म्हणजे खुंटी. आपण तिच्याभोवती गोल फिरत राहतो आणि आपल्याला वाटतं, मोकळं चरतोय. पोरं हसतात, मीही हसतो, घंटा होते.

गेल्या वर्षी हा तास घेऊन घरी आलो तेव्हा माझ्या चाळीतल्या कांद्यातून पाणी गळायला लागलं होतं.

चाळ म्हणजे शहरातल्यांना वाटेल ती राहायची चाळ नव्हे. लोखंडी जाळीच्या भिंती, वर पत्रा, खालून वारा खेळेल असा उंच तळ, आणि आत छातीएवढा कांदा. सोनईजवळ आमची दोन एकर जमीन आहे. ती नावावर माझ्या, पण कसते बायको. मजूर बायका सांगणं, पाण्याची पाळी सांभाळणं, खत, फवारणी सगळं तिचं. माझ्याकडे फक्त विक्रीचं खातं. का, तर मी वाणिज्याचा माणूस. हे खातेवाटप लग्नानंतर लगेच झालं आणि त्या वेळी कुणाला त्यात धोका दिसला नाही.

बायको शिवणकामही करते. ब्लाउज म्हणावेत तर तिचे. चार गावांच्या बायका येतात. येतात त्या घरी. माप द्यायला येतात, घालून बघायला येतात, बाही उसवून घ्यायला येतात. घालून बघायची जागा म्हणजे आमची आतली खोली, आणि त्या वेळी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन अंगणात, शेवग्याखाली. लग्नसराईत तर मी इतका अंगणात असायचो की पोस्टमनने एकदा मला विचारलं, घरात कुणी वारलं का.

तर बायकोला स्टँडजवळ एक गाळा पाहिजे होता. औषधाच्या दुकानाला लागून, पुढे पायरी, मागे छोटी खोली. गाळ्याची मालकीण निवृत्त मुख्याध्यापिका, अख्ख्या गावाच्या बाई. बायको त्यांच्याच हाताखाली शिकलेली. त्या म्हणाल्या, तुझ्यासाठी पोळ्यापर्यंत थांबते. डिपॉझिट घेऊन ये, किल्ली घेऊन जा. पोळा झाला की मग मोबाईलवाला मागतोय त्याला देईन. बाई शब्दाच्या पक्क्या. पोळा म्हणजे पोळा.

बायकोने त्या वर्षी अर्धा एकर कांदा जास्त लावला. गाळ्यासाठी. हे मला माहीत होतं, तिने चारदा सांगितलं होतं, आणि मी चारही वेळा मान हलवली होती.

आता कुणी विचारेल, सर पगारदार, मग डिपॉझिट खिशातून का नाही दिलं. बरोबर आहे. माझी पतसंस्थेत एक मुदत ठेव होती. तिच्यात डिपॉझिट सहज बसून वर चहापाणी झालं असतं. बायकोने तसं सुचवलंही. पण माझ्या डोक्यात पैशाला जाती होत्या. पगाराचे पैसे वेगळे, ते घरखर्चाचे. ठेवीचे वेगळे, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आणि कांद्याचे वेगळे, ते गाळ्याचे. एका डब्यातला रुपया दुसऱ्या डब्यात गेला तर विटाळ. तिन्ही नोटांवर चष्मेवाला म्हातारा तोच आहे, हे मी पोरांना दरवर्षी सांगतो.

उन्हाळ्यात कांदा चाळीत पडला आणि थोड्याच दिवसांत घोडेगावच्या बाजारातला आमचा आडत्या म्हणाला, सर, तुमचा माल चांगला आहे, आज आणला तर चोवीसशेपर्यंत क्विंटल जाईल. चोवीसशेने आमचं सगळं भागत होतं. डिपॉझिट, शिवाय गाळ्यात पंखा, शिवाय पिकोचं नवं मशीन. मी टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं. बायकोने श्रीरामपूरला जाऊन अस्तराच्या कापडाचे भावसुद्धा विचारून ठेवले.

त्याच संध्याकाळी साडूचा फोन आला.

साडू या नात्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. हा माझ्या मेहुणीचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नेवाशाच्या बाजूला राहतो, आमच्यापासून स्कूटीवर अर्धा तास. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढे तसं वाटणार नाही. पण सख्ख्या भावाची ईर्ष्या एक वेळ माणूस गिळतो, साडूची गिळत नाही. सासरी आम्हा दोघांना एकाच काट्यावर घातलेलं असतं. सासूबाई पुरणपोळी वाढतात ती सारखी, टॉवेल-टोपी देतात ती सारखी, आणि मग आम्ही दोघं हळूच एकमेकांच्या टॉवेलची लांबी बघतो. मी थोरला जावई, शिकलेला. तो धाकटा, बारावीला दोन विषय राहिलेला. त्यामुळे हरायचा अधिकार मला नाही.

फोनवर साडू मुलांच्या शाळेबद्दल बोलला, पावसाच्या अंदाजाबद्दल बोलला, आणि फोन ठेवता ठेवता सहज म्हणाला, “आन् साडूभाऊ, कांदा दिला बरं का आज. एकतीसशेनं गेला.”

मी अभिनंदन केलं. फोन ठेवला. टेम्पोवाल्याला फोन लावला आणि उद्या येऊ नको म्हणालो.

बायको पोळ्या लाटत होती. तिने लाटणं न थांबवता विचारलं की टेम्पोला काय झालं. मी म्हणालो, बाजार तेजीत आहे, थोडं थांबू. तिने पुढची पोळी घेतली आणि म्हणाली, “धाकटीचा दुपारी फोन हुता. पाच गोण्यांनाच लागलाय त्यो भाव. बाकीचा बावीसशेनं गेला. निम्मा तर अजून चाळीतच हाय त्यांच्या.”

हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. याच शब्दांत. लपवलेलं काही नव्हतं, उशीर झाला नव्हता. कांद्याच्या बाजारात एखाद्या निवडक मालाला चढा भाव लागतो आणि गावभर तोच गाजतो, हे लहान पोरालाही ठाऊक. पण माझ्या मनाने त्या बातमीचं काय केलं ते बघा. मी म्हणालो, ती तुझी बहीण आहे, आपली दृष्ट लागायला नको म्हणून कमी करून सांगते. साडूचा आकडा मला झोंबत होता, म्हणून तो खरा. मेहुणीचा आकडा मला सोयीचा नव्हता, म्हणून तो खोटा. बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पोळी तव्यावर टाकली.

तिथून माझा अभ्यास सुरू झाला. मी कांद्याच्या भावाचे तीन व्हॉट्सॲप गट धरले. रोज सकाळी शंभर मेसेज यायचे, त्यातले भाव उतरला म्हणणारे मी वाचायचोच नाही, आणि चढणार म्हणणारे बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो. यूट्यूबवर एक टोपीवाला मिळाला. तो रोज बांधावर उभा राहून सांगायचा, शेतकरी बांधवांनो, घाई करू नका. मी त्याची घंटा दाबली. पुढे लक्षात आलं की तो दोन वर्षं तेच सांगत होता, फक्त टोपी बदलत होता. पण त्या वेळी मला तो ऋषी वाटायचा, कारण तो माझंच मत माझ्यापेक्षा चांगल्या आवाजात मांडत होता.

आणि भाव खरंच चढला. पंचवीस, सव्वीस, एक दिवस अठ्ठावीसशे. आडत्याचा फोन आला, सर, आज आणा. बायको म्हणाली, आज द्या. टेम्पोवाला तर फोनची वाट न बघता दारात उभा. तिघांना मी एकच उत्तर दिलं की अजून तीनशे आहेत.

“कशाचे तीनशे?” बायकोने विचारलं.

एकतीसशेला पोहोचायला तीनशे कमी, एवढंच. गाळ्याला एकतीसशे लागत नव्हते, खर्चाला लागत नव्हते, कुणालाच लागत नव्हते. ते फक्त दिवाळीत सासरी सतरंजीवर बसताना लागणार होते.

कॉलेजात मात्र माझा भाव वाढला. शिक्षक-खोलीत मी ‘साठवणूक’ हा शब्द असा उच्चारायचो की मराठीचे सर वहीत काहीतरी टिपून घ्यायचे. इतिहासाच्या सरांनी माझ्या सल्ल्याने आपली सोयाबीन ठेवली. त्यांच्याशी आता नुसतं नमस्कारापुरतं आहे.

मग भाव उतरायला लागला. सव्वीसशे झाला तेव्हा मी म्हणालो, झटका आहे, येईल वर. चोवीसशे झाला, म्हणजे जिथून निघालो होतो तिथेच, तेव्हा बायको म्हणाली, चला, काही गेलं नाही आपलं, द्या आता. मला मात्र क्विंटलमागे चारशे रुपये बुडाल्यासारखं वाटत होतं. अठ्ठावीसशे आपल्याला कधी मिळालेच नव्हते, पण ते माझ्या मनाने घेऊन, मोजून, खिशात ठेवून झाले होते. ते परत आल्याशिवाय मी हलणार नव्हतो. एकवीसशे झाला तेव्हा मी गट बघणंच बंद केलं. बघितलं नाही की भाव कळत नाही, आणि कळला नाही की तोटा झालेला नसतो. याच न्यायाने माझ्याकडे एका कंपनीचे शेअर पडून आहेत. ती कंपनी नक्की काय बनवत होती हे आता कंपनीलाही आठवत नसेल. विकले तर तोटा होईल म्हणून विकले नाहीत. बायकोला मी त्यांना गुंतवणूक म्हणून सांगतो.

पाऊस सुरू झाला आणि चाळीत दमट वास यायला लागला. आता शहाण्याने काय केलं असतं? मी खर्च केला. आधी जंतुनाशक भुकटी आणून मारली. मग वर ताडपत्री. मग कुणीतरी म्हणालं, वारा कमी पडतोय. तर मी घरातले दोन्ही टेबलफॅन चाळीत नेऊन लावले. तिथवर लांब वायर, तिचा वेगळा खर्च. रात्री कांदा गार वाऱ्यात आणि आम्ही नवरा-बायको वर्तमानपत्राने वारा घेत. बायको अंधारात म्हणाली, त्याला पांघरूण पन घाला, सर्दी व्हईल. जितका पैसा मी त्या कांद्यात घालत गेलो, तितका तो विकायला मला महाग वाटत गेला. भुकटीचे, ताडपत्रीचे, वायरीचे पैसे वसूल नकोत का व्हायला?

पोळा जवळ आला. बायकोने गाळ्याचं नाव काढणं सोडलं होतं. ती नुसती मशीनवर बसायची आणि पाय असा चालवायची की शेजारच्या खोलीत मला प्रश्नपत्रिका काढणं अवघड व्हायचं. एकदा स्टँडवरून जाताना मी बघितलं, मोबाईलवाला गाळ्यासमोर उभा राहून टेपने शटरची रुंदी मोजत होता. मी गाडीचा वेग वाढवला. ते मी बायकोला सांगितलं नाही. तिला माझ्याआधी माहीत होतं.

अशात एका रविवारी साडू आणि मेहुणी जेवायला आले. मटणाचा बेत. साडू आला तो थेट चाळीकडे गेला, वास घेतला, आणि परत येऊन हात धुवायला बसला. त्याचं ते हात धुणं मला फार लागलं. जेवताना मी मुद्दाम विषय काढला. म्हणालो, तुम्ही वेळेवर काढला बुवा, एकतीसशेनं. साडू रस्सा भुरकत राहिला. मेहुणी भाकरी वाढत होती, ती तिथेच थांबली.

“दाजी, पाच गोण्या गेल्या वो त्या भावानं. आक्काला मी तवाच सांगितलं हुतं. बाकीचा इकला बावीसशेनं, आन् निम्मा तसाच ठेवलाय यांनी. यकतीसशे आल्याबिगर देनार न्हाई म्हनत्यात.”

मी साडूकडे बघितलं. साडूने वाटी खाली ठेवली.

“तुमी सगळ्याचा कुठं इचारला,” तो म्हणाला. “मी पाच गोण्यांचा सांगितला. खोटं न्हाई बोललो.”

खोटं नव्हतंच ते. उलट त्याची अवस्था माझ्यापेक्षा वाईट होती. मी त्याच्या पाच गोण्यांच्या भावाला अडकलो होतो, आणि तोसुद्धा त्याच पाच गोण्यांना अडकला होता. त्याचा निम्मा माल चाळीत सडत होता, पण त्याने स्वतःच्या हाताने एकदा एकतीसशे घेतले होते, मग कमी घ्यायचं कसं? मी डोक्यात हिशेब केला. माझा सगळा कांदा पहिल्या दिवशी चोवीसशेने गेला असता. त्याने विकलेल्यातला बराचसा बावीसशेने गेला होता. म्हणजे त्या संध्याकाळी टेम्पो परत पाठवला नसता, तर मी साडूला तिथेच चारी मुंड्या चीत केलं असतं आणि मला ते कळलंही नसतं. बायको पदराने तोंड दाबून स्वयंपाकघरात गेली. ती रडते आहे असं मला वाटलं. मेहुणीही मागोमाग गेली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला.

एवढं झाल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो बोलावतो. मी नाही बोलावला. जेवण झाल्यावर साडू आणि मी शेवग्याखाली बसलो आणि एक नवी अडचण निघाली. तो म्हणाला, मी आज दिला आन् उद्या चढला तर? मी म्हणालो, मी दिला आणि तुम्ही ठेवला, आणि मग चढला तर? आता भावाचा प्रश्न राहिला नव्हता. दुसरा विकत नाही तोवर आपण विकायचं नाही, असं न बोलता ठरलं. दोन शहाणी माणसं, दोन चाळी, आणि दोन्हींतून पाणी.

आत स्वयंपाकघरात मात्र भांडी घासता घासता ठरलं. मला कळलं ते मंगळवारी, कॉलेजातून आल्यावर. चाळीचं दार सताड उघडं, सहा-सात बायका पाटीत कांदा निवडत बसलेल्या, सडका एकीकडे, कोंब आलेला एकीकडे, चांगला गोण्यांत. बायको डोक्याला टॉवेल बांधून मधोमध. मी म्हणालो, अगं, निदान मला विचारायचं.

“इचारलं असतं तर तुमी थांबा म्हनाला असता,” ती म्हणाली. “परवा पोळा हाय.”

तिचा आवाज चढला नाही. तिने मला एक रिकामी गोणी दिली आणि तोंड धरायला सांगितलं. मी धरलं.

बुधवारी सकाळी एकच टेम्पो आधी आमच्या आणि मग साडूच्या चाळीवर गेला. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघी बहिणी बसल्या. साडू आणि मी मोटारसायकलवर मागून, धूळ खात. घोडेगावला लिलाव झाला. एक तृतीयांश माल आधीच उकिरड्यावर गेला होता. उरलेल्याला भाव मिळाला सोळाशे. साडूच्या मालाला पंधराशे साठ.

मी इथे खरं लिहितो, कारण खोटं लिहिलं तरी बायको वाचणार आहे. त्या क्षणी मला आनंद झाला. चाळीस रुपयांनी मी पुढे होतो. मी साडूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, असू द्या, बाजार आहे. त्याने माझा हात खांद्यावरून काढला.

पैसे डिपॉझिटला पुरले नाहीत. बायकोने तिथेच, गोण्यांच्या थप्पीला टेकून, हिशेब केला. बरेच कमी पडत होते. मी ठेवीचा विचार करत होतो. खरंच करत होतो. तोंड उघडणार एवढ्यात मेहुणीने आपल्याकडची रक्कम बहिणीच्या हातात ठेवली. तीही तिच्या गावात फॉल-पिको करते, तिलाही घरात गिऱ्हाइकांचा वैताग. दोघींनी माझ्याकडे किंवा साडूकडे बघितलंसुद्धा नाही. टेम्पोवाल्याला त्यांनी गाडी थेट बाईंच्या घरी घ्यायला सांगितली. बाई ओटीवर पोळ्यासाठी मातीचे बैल रंगवत बसल्या होत्या. त्यांनी पैसे मोजले, किल्ली दिली, आणि मोबाईलवाल्याला फोन करून सांगितलं की तुझा टेप घेऊन दुसरीकडे बघ.

अशा रीतीने गाळा आला, पण निम्मा. निम्म्यात आता साडूच्या घरची भागी आहे. मी ठेव वेळेवर मोडली असती तर तो पुरा आमचा असता, हे मला कळतं. ठेव अजून तशीच आहे.

गाळा चालतो. चांगला चालतो असं दिसतं, कारण पायरीवर चपलांची गर्दी असते. नक्की किती चालतो ते मात्र मला सांगता येत नाही. पहिल्या आठवड्यात मी संध्याकाळी सहज विचारलं, आज किती झाले. बायको म्हणाली, झाले. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तर म्हणाली, तुमाला सांगितलं की तुमी साडूंना सांगनार, मग ते तुमाला चढवून सांगनार, आन् आमाला बंद ठेवावं लागंल दुकान. दोघींनी तसा नियमच केलाय. गल्ला त्यांच्यात मोजला जातो आणि त्यांच्यातच वाटला जातो.

साडूचा फोन येतो अधूनमधून. मुलांची शाळा, पावसाचा अंदाज, आणि मग हळूच, तुमच्याकडून काही कळलं का, महिन्याचं किती होत असंल? मी म्हणतो, काही कल्पना नाही. मग तो आपला अंदाज सांगतो. मी तो ऐकून घेतो आणि त्याच्यापेक्षा थोडा वरचा आकडा सांगतो.